'मतमाउली' : हरेगावच्या यात्रेतील मराठीचा विचार

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची चर्चा आपल्या वाङ्मयेतिहासांत बहुधा दोन ठिकाणी थांबते. पहिला थांबा फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'चा (१६१६) आणि दुसरा रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई टिळक यांचा. दोन्ही ठिकाणी एक निश्चित कर्ता आहे, छापील ग्रंथ आहे, आणि त्यामुळे अभ्यासकाला हाताशी धरण्याजोगे काही आहे. परंतु ज्या मराठीला कर्ता नाही, जी एखाद्या धर्मग्रामाच्या सणात, नवसाच्या बोलण्यात, यात्रेला निघालेल्या माणसांच्या तोंडी घडत गेली, तिची दखल ना वाङ्मयेतिहासात घेतली जाते ना लोकसाहित्याच्या अभ्यासात. लोकसाहित्य म्हणजे हिंदू समाजाचे लोकसाहित्य, असे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. ख्रिस्ती माणसाची मराठी म्हणजे बायबलच्या भाषांतराची मराठी, हेही असेच एक गृहीत. प्रस्तुत लेखात अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यामधील हरेगाव येथे दरवर्षी सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेच्या शब्दसंपदेकडे पाहावयाचे आहे. या यात्रेने मराठी भक्तिपरंपरेतील काही शब्द घेतले, काही कटाक्षाने टाळले. या घेण्या-टाळण्यामागे एक नेमकी जाण आहे, आणि चर्चच्या अधिकृत पातळीवर मराठीला स्थान मिळण्यापूर्वीच ती जाण कार्यरत झालेली होती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे इष्ट ठरेल. कॅथोलिक व्यवस्थेत बिशपांच्या अधिकारक्षेत्राला धर्मप्रांत म्हणतात आणि एका चर्चभोवतीच्या भाविक समुदायाला धर्मग्राम. प्रत्येक धर्मग्रामाचे चर्च एखाद्या संताच्या, मरियेच्या किंवा ख्रिस्ताच्या एखाद्या नामाभिधानाच्या आश्रयाखाली ठेवलेले असते. त्या आश्रयदात्या संताचा स्मरणदिन हा धर्मग्रामाचा वार्षिक सण. वरवर पाहता ही कल्पना आपल्या ग्रामदैवताशी जुळती वाटते, आणि काही अभ्यासक तसे समीकरण मांडूनही मोकळे होतात. परंतु दोहोंत एक महत्त्वाचे अंतर आहे. ग्रामदैवत हे भूमीचे असते. गावाची शीव ही त्याची शीव असते, आणि त्याला जन्मतारीख नसते. आश्रयदाता संत हा मात्र इतिहासातला माणूस असतो, बहुधा दूरच्या देशातला, आणि त्याचा संबंध भूमीशी नसून उपासक समुदायाशी असतो. समुदाय उठून दुसरीकडे गेला तर संतही त्याच्याबरोबर जाऊ शकतो. गावाची शीव ओलांडून कामासाठी आलेल्या लोकांच्या वस्तीत या फरकाला विशेष अर्थ प्राप्त होतो, आणि हरेगाव ही नेमकी तशी वस्ती आहे.

अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती धर्म प्रथम आला तो प्रॉटेस्टंट पंथाच्या रूपाने. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगर येथे आपले ठाणे उभारले आणि १८४२ मध्ये तेथूनच 'ज्ञानोदय' सुरू झाले. कॅथोलिक मिशन त्यानंतर सुमारे अर्धशतकाने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत आले. जर्मनभाषक येशूसंघीय धर्मगुरूंनी राहुरी तालुक्यातील केंदळ, पुढे संगमनेर, राहाता या भागांत कार्य सुरू केले. फादर ओट्टो वाइसहाउप्ट यांचे नाव केंदळशी निगडित आहे. स्नानसंस्कार स्वीकारणाऱ्यांत महार समाजातील कुटुंबे बहुसंख्य होती. १८८६ मध्ये पुणे धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हापासून हा जिल्हा त्यात होता. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत वेगळा झाला आणि जिल्हा त्यात गेला.

या मिशनने मराठीला दिलेली एक देणगी येथे नोंदविली पाहिजे. फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. 'दूत', 'संदेशवाहक' असे संस्कृत वळणाचे शब्द उपलब्ध असताना 'निरोप्या' हा बोलीतला, काहीसा खालच्या पायरीवरचा शब्द नियतकालिकाच्या शीर्षस्थानी यावा, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. गावगाड्यात निरोप पोचविणे, मर्तिकाची खबर परगावी नेणे हे महारांच्या वतनी कामांपैकी एक होते. ज्या वाचकांसाठी हे मासिक निघत होते त्यांच्या बापजाद्यांवर लादलेल्या कामाचे नाव अशा रीतीने धर्मवार्तेचे नाव झाले. संपादकाच्या मनात हे होते की नाही, हा प्रश्न वेगळा. शब्दाच्या अंगी मात्र ते होते.

हरेगावची हकिकत या पार्श्वभूमीवर पाहावयास हवी. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, कालव्यांचे पाणी खाली उतरले आणि गोदावरी-प्रवरेच्या दुआबात ऊस उभा राहिला. हरेगाव येथील बेलापूर कंपनीचा साखर कारखाना हा त्याच काळातला, महाराष्ट्रातील आरंभीच्या खाजगी कारखान्यांपैकी एक. कारखान्याला आणि मळ्यांना मजूर हवे होते, आणि दुष्काळी गावांतून कुटुंबे येत गेली. गावगाड्यातील वतन, वाटा आणि वेठ मागे सोडून आलेल्या या माणसांना नव्या जागी ग्रामदैवताच्या यात्रेत ठरलेले स्थान नव्हते. मानाचे नव्हते, तसेच अवमानाचेही नव्हते. पुढे जमीनधारणेच्या कमाल मर्यादेच्या कायद्याने कारखान्यांच्या जमिनी शासनाच्या शेती महामंडळाकडे गेल्या आणि कालांतराने कारखानाही बंद पडला. ज्या उद्योगासाठी वस्ती वसली तो उद्योग गेला, आणि वस्तीची ओळख म्हणून उरली ती यात्रा.

हरेगावचे चर्च संत तेरेजाच्या नावाचे आहे. म्हणजे धर्मग्रामाची आश्रयदाती संत तेरेजा. तिचा स्मरणदिन ऑक्टोबरात येतो. नियमाप्रमाणे तो या धर्मग्रामाचा सण होय. परंतु हरेगावचे नाव ज्या सणामुळे सर्वत्र झाले तो हा नव्हे. १९४९ मध्ये येशूसंघीय धर्मगुरू फादर जेराल्ड बाडर यांच्या पुढाकाराने येथे मरियेच्या जन्मोत्सवाची यात्रा सुरू झाली. चर्चच्या पंचांगात मरियेचा जन्मदिन ८ सप्टेंबरला येतो. त्याला धरून नऊ दिवसांची प्रार्थना चालते आणि त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी मुख्य यात्रा भरते. नगर जिल्ह्याच्या तालुक्यांतून, तसेच मराठवाडा, नाशिक, पुणे, मुंबई येथून माणसे येतात. त्यांत ख्रिस्तीतरांचाही भरणा असतो. एस.टी.च्या जादा गाड्या, तंबू, खेळण्यांची आणि मिठाईची दुकाने, उंच पाळणे, मेणबत्त्या आणि फुलांचे हार, रात्रभर चालणारी भजने, पापनिवेदनासाठी लागलेल्या रांगा, मूर्तीची मिरवणूक असे तिचे दृश्य रूप आहे. वर्णनासाठी एवढे पुरे, कारण आपला विषय शब्दांचा आहे.

'मतमाउली' हे नाव प्रथम घेऊ. हा सण, ही तिथी आणि हे नाव यांचे मूळ मुंबईतील वांद्रे येथील टेकडीवरील मरियेच्या चर्चमध्ये शोधावे लागते. इंग्रजीत ते 'माउंट मेरी' म्हणून प्रसिद्ध आहे. कोळी आणि उत्तर कोकणातील मराठीभाषक ख्रिस्ती लोक तिला 'मोतमाउली' म्हणतात. ही मूर्ती एका कोळ्याला समुद्रात सापडली, अशी तेथील आख्यायिका आहे. 'मोत' हा 'माउंट'चा अपभ्रंश, असे सामान्यतः सांगितले जाते. मला त्यात थोडी दुरुस्ती सुचवावीशी वाटते. वांद्रे हा भाग वसई पडेपर्यंत, म्हणजे १७३९ पर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यात होता, आणि मरियेचे मूळ अभिधान पोर्तुगीज 'नोस्सा सेन्योरा दो मोंत' हे होते. 'मोंत'मधील अनुनासिक गळाले की 'मोत' उरते. त्यासाठी इंग्रजी 'माउंट'पर्यंत थांबण्याचे कारण नाही. पुढे लोकांनी या 'मोत'चा संबंध मोत्याशी जोडला. समुद्रातून आलेल्या माउलीला मोत्याचे नाव शोभणारेच होते. अर्थ विसरलेल्या शब्दाला लोकांनी आपल्या ओळखीचा अर्थ देण्याची ही प्रक्रिया लोकव्युत्पत्ती म्हणून भाषाभ्यासकांना परिचित आहे.

वांद्र्याचे नाव हरेगावला आले तेव्हा मात्र एक अडचण उभी राहिली. हरेगावला डोंगर नाही, टेकडीही नाही. काळ्या जमिनीचा सपाट, पाटपाण्याचा मुलूख आहे. समुद्र तर शेकडो मैल दूर, तेव्हा मोत्याचाही आधार नाही. शब्दाचे दोन्ही आधार सुटले आणि 'मोत'चे 'मत' झाले. येथे 'मत' म्हणजे धर्ममत. महानुभावांचे मत, मतप्रवर्तक, मतांतर या प्रयोगांत जुन्या मराठीपासून असलेला हा अर्थ एकोणिसाव्या शतकातील धर्मविषयक वादांत 'ख्रिस्ती मत' या शब्दप्रयोगाने अधिकच रूढ केला होता. डोंगरावरची आई अशा रीतीने श्रद्धेची आई झाली. नावातील 'म'कारांच्या पुनरुक्तीने ते घोषाला आणि हाकेला सोयीचे ठरले, हेही खरे. (पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून 'मत' या शब्दाला गावोगाव जो दुसराच अर्थ चिकटला, तो या नावात कोणालाही ऐकू येत नाही. रूढ नावाचे एकेक अक्षर लोक फोडून पाहत नाहीत, याची ही साक्ष.)

दुसरे पद 'माउली'. पोर्तुगीज 'सेन्योरा' म्हणजे स्वामिनी, मालकीण. युरोपातील सरंजामी काळात मरियेला हे अभिधान मिळाले आणि त्यात अधिकाराचा, दरबाराचा भाव आहे. मराठी बोलणाऱ्या भाविकांनी त्याचे भाषांतर केलेच नाही. त्या जागी 'माउली' हा शब्द ठेवला. सत्तेच्या शब्दाऐवजी वात्सल्याचा शब्द आला. एवढे तर सर्वांच्याच ध्यानात येते. पण 'माउली'ची निवड त्याहून अधिक नेमकी आहे.

कॅथोलिक धर्मशास्त्रात देवाची आराधना आणि संतांचे वंदन यांत काटेकोर भेद केलेला आहे. निसीया येथील दुसऱ्या धर्मपरिषदेने (७८७) मूर्तिपूजेच्या वादात हा भेद स्पष्ट केला. लॅटिन धर्मशास्त्रात त्यासाठी 'लात्रिया' आणि 'दुलिया' अशा दोन संज्ञा आहेत. मरियेला संतांत सर्वश्रेष्ठ स्थान आहे, परंतु ती देव नाही. तिची आराधना करावयाची नसते. आता नगर जिल्ह्यातील मराठी भाविकापुढे तिला हाक मारण्यासाठी कोणते शब्द होते? सर्वांत जवळचा शब्द 'देवी'. मोहट्याची देवी, कोल्हारची भगवती ही तर जिल्ह्यातीलच जागृत ठाणी. स्त्रीरूप, मूर्ती, नवस, गर्दी हे सारे साम्य असताना 'देवी' म्हणणे अगदी सोपे होते. ते रूढ झाले नाही. रूढ झाला तो 'माउली', आणि वारकरी परिभाषेत 'माउली' हे प्राधान्याने संताचे नाव आहे. ज्ञानेश्वर माउली आहेत. त्यांनी 'ज्ञानेश्वरी' सांगितली ते नेवासे श्रीरामपूरला लागून असलेल्या तालुक्याचे गाव. त्या परिसरात हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. माउलीच्या पायांवर डोके ठेवता येते, तिला गाऱ्हाणे सांगता येते, तिची पालखी निघते. आणि तरीही ती देव नव्हे, देवाकडे नेणारी आहे, हे वारकऱ्याला पक्के ठाऊक असते. जो भेद सांगण्यासाठी धर्मशास्त्राला दोन संज्ञा वापराव्या लागल्या तो भेद मराठीने एका रूढ शब्दात सामावून घेतला. विठ्ठलालाही वारकरी 'विठाई' आणि 'माउली' म्हणतात, हा आक्षेप येथे येऊ शकेल. पण तेथे देवाला संताच्या जवळिकीचे नाव मिळते. संताला देवत्व मिळत नाही. शिवाय वारकरी परंपरेत पुरुषाला लावलेला हा स्त्रीवाचक शब्द मरियेच्या रूपाने पुन्हा स्त्रीकडे येतो, हेही पाहण्यासारखे आहे.

या निवडीमागे आणखी एक कारण असावे, असे मला वाटते. मरियेला 'आई' म्हटले असते तर 'मरिया' आणि 'आई' मिळून कानाला काय ऐकू आले असते? मरीआई. पटकीची, साथीची देवी, गावाबाहेरच्या वस्तीशी जिचे नाते गावगाड्याने घट्ट जोडून ठेवले होते ती. तिच्या पूजेअर्चेची, गाड्याची, साथ शिवेबाहेर नेण्याची कामे महार-मांगांच्या वाट्याला होती. धर्मांतर करणाऱ्या कुटुंबांना जे मागे टाकावयाचे होते त्यात ही कामे निश्चितच होती. 'मरियामाता' चालले, 'मतमाउली' तर आवडीने चालले. 'मरियाआई' हे संबोधन मात्र रूढ झाले नाही. नामसाम्य पाहून मरीआईचीच मरिया झाली, असे म्हणण्याचा मोह अभ्यासकाला होतो; अशा समन्वयाच्या कथा आपल्याला आवडतात. येथे मात्र साम्य होते म्हणूनच ते टाळले गेले, असे वाटते. डॉ. रा. चिं. ढेरे यांनी दैवतांच्या महासमन्वयाची प्रक्रिया उलगडून दाखविली. तिच्याच शेजारी अशा टाळण्याच्या प्रक्रियेचाही अभ्यास झाला पाहिजे.

'यात्रा' या शब्दाकडे वळू. गोव्यात आणि वसईत धर्मग्रामाच्या सणाला पोर्तुगीजातून आलेला 'फेस्त' हा शब्द आहे. वांद्र्याच्या सणाला मुंबईकर 'जत्रा' म्हणतात. हरेगावची मात्र 'यात्रा'. 'जत्रा' आणि 'यात्रा' ही एकाच शब्दाची दोन रूपे. देशावर ग्रामदैवताच्या वार्षिक उत्सवालाही बहुधा 'यात्रा'च म्हणतात, पण या शब्दाची दुसरी छटा लांबून, कष्टाने, पायी जाण्याची आहे. हरेगावला दोन्ही छटा एकत्र आल्या. ज्यांना आपल्या मूळ गावच्या यात्रेत कोपऱ्यातले स्थान होते त्यांना गावची यात्रा मिळाली, आणि ज्यांना पंढरीच्या वारीत शेवटचे स्थान होते त्यांना चालत जाण्याचे ठिकाण मिळाले.

प्रॉटेस्टंट मराठीशी तुलना केली म्हणजे या शब्दाचे महत्त्व अधिक कळते. एकाच जिल्ह्यात दोन ख्रिस्ती मराठी नांदत आल्या आहेत. एकीत बाप्तिस्मा, पाळक, उपासना, मंडळी हे शब्द आहेत. दुसरीत स्नानसंस्कार, फादर, मिस्सा, धर्मग्राम हे. केवळ पर्यायांचा हा भेद नव्हे. एकोणिसाव्या शतकातील 'ज्ञानोदया'च्या वादविवादात यात्रा, मूर्ती, नवस हे शब्द अंधश्रद्धेचे निदर्शक म्हणून येतात, आणि ही टीका मूर्तिपूजा न मानणाऱ्या पंथाच्या भूमिकेशी सुसंगतच होती. त्यामुळे प्रॉटेस्टंट मराठीला ते शब्द पुन्हा वापरणे अवघड झाले. टिळकांसारखा समर्थ कवी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणू शकला, पण नवस आणि यात्रा त्यालाही आणता आल्या नाहीत, आणि आणावयाच्याही नव्हत्या. कॅथोलिक उपासनेत मूर्ती, मिरवणूक, संतांकडे मागणे हे सारे मुळातच असल्याने त्या शब्दांवर बंदी आली नाही. परिणामी विद्वान ब्राह्मण कवीने भक्तिपरंपरेचा जो भाग उचलला तो गीताचा. हरेगावच्या अशिक्षित, अर्धशिक्षित भाविकांनी उचलला तो आचाराचा. वाङ्मयेतिहासाला पहिलाच दिसतो, कारण तो छापलेला आहे.

सगळेच शब्द घेतले गेले असे मात्र नाही. नऊ दिवसांच्या प्रार्थनेला कॅथोलिक मराठीत 'नोव्हेना' म्हणतात. नऊ ही संख्या, स्त्रीरूपाची भक्ती, पावसाळ्याच्या अखेरीचा काळ, पाठोपाठ येणारे नवरात्र असे सारे जुळत असता 'नवरात्र' हा शब्द शिवलाही गेला नाही. मूळ लॅटिन शब्दच थोडा वाकवून ठेवला गेला. उलट 'नवस' हा शब्द सहज घेतला गेला. कारण उघड आहे. नवस ही माणसाची कृती आहे, ती कोणाही पुढे बोलता येते. नवरात्र मात्र देवीचे. 'संत' या शब्दाचीही अशीच गंमत आहे. लॅटिन 'सांक्तुस'पासून आलेल्या युरोपीय शब्दांशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही; तो आपल्या 'सत्'पासून आलेला. केवळ उच्चाराच्या योगायोगाने दोन परंपरांचे शब्द एकमेकांवर चपखल बसले, आणि तेरेजा व तुकाराम यांना मराठीत एकच उपाधी मिळाली.

आता कालानुक्रमाचा मुद्दा. १९४९ मध्ये लॅटिन विधीच्या कॅथोलिक चर्चमध्ये मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, जगभर बहुतेक सर्वत्र. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनाविधीविषयीचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ रोजी संमत केला आणि त्यानंतर देशभाषांना वेदीवर प्रवेश मिळाला. स्थानिक संस्कृतीशी चर्चने जुळवून घेण्याच्या धोरणाची चर्चा त्यानंतरच्या काळातली. म्हणजे हरेगावच्या यात्रेला मराठी नाव, मराठी हाक, मराठी भजन मिळून दीड दशक लोटले तरी वेदीवर लॅटिनच होते. गाभाऱ्यात न कळणारी पवित्र भाषा आणि सभामंडपात मराठी, ही रचना महाराष्ट्राला अपरिचित नाही. मंदिरातील पूजेचे मंत्र संस्कृतात आणि कीर्तन मराठीत, ही वाटणी शतकानुशतके चालत आली आहे. अशा वाटणीत जिवंत भाषा घडते ती मंडपात. परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली तेव्हा तिला मंडपात एक तयार मराठी भेटली.

यावर असे म्हटले जाईल, आणि म्हटले जातेही, की ही सारी मिशनऱ्यांची युक्ती होती. परका धर्म देशी वेषात आणण्यासाठी त्यांनी यात्रेचे सोंग उभे केले. या आक्षेपात काही तथ्य आहे. तिथी धर्मगुरूंनी ठरविली, मूर्ती त्यांनी बसविली, यात्रेमागे त्यांची योजना होती. पण 'मतमाउली' हे नाव त्यांच्या कारखान्यात तयार झालेले नाही. ते ज्या 'मोतमाउली'वरून आले ते कोळ्यांच्या तोंडचे होते, आणि 'मोत'चे 'मत' करण्यात युरोपीय धर्मगुरूला काही लाभ नव्हता. अधिकृत अभिधान 'पवित्र मरियेचा जन्मोत्सव' असे आहे. ते पत्रकावर राहिले. योजना वरून आली तरी तिला चिकटणारे शब्द खालून येतात, आणि ते शब्दच पुढे योजनेचा अर्थ ठरवतात. भाषेचा अभ्यासक या नात्याने आपल्याला हा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा वाटला पाहिजे.

प्रश्न केवळ शब्दांचा नाही, हे तारखा शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराची दारे अस्पृश्यांना उघडावीत म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. त्यापूर्वी महार भाविकाची सीमा चोखामेळ्याच्या समाधीपाशी होती. माउलीचा सर्वांत मोठा पुकार करणाऱ्या वारीच्या दिंड्यांतही जातींच्या पंगती वेगळ्या बसत, हे इरावती कर्वे यांनी 'वाटचाल' या लेखात अस्वस्थ होऊन नोंदविले आहे. तो लेख ज्या 'परिपूर्ती' या संग्रहात आहे त्याचे प्रकाशनवर्ष १९४९. त्याच वर्षी हरेगावला, त्याच समाजातून आलेल्या माणसांनी, 'माउली' हा शब्द आपल्या यात्रेच्या मधोमध ठेवला. या दोन घटनांत कार्यकारणभाव आहे असे मला सुचवावयाचे नाही. पण ज्या मंदिरात प्रवेश नव्हता त्या मंदिराची भाषा या माणसांनी परकी मानली नाही, एवढे निश्चित. धर्म बदलला, भाषेवरचा वारसाहक्क त्यांनी सोडला नाही.

राज्यव्यवस्थेने मात्र वेगळा हिशेब मांडला. यात्रेच्या दुसऱ्याच वर्षी, १९५० मध्ये, अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश निघाला. त्यानुसार हिंदू धर्माखेरीज अन्य धर्म पाळणारी व्यक्ती अनुसूचित जातीची मानली जाणार नव्हती. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यात सामावून घेण्यात आले; ख्रिस्ती दलित बाहेरच राहिले. गावाच्या दृष्टीने ते पूर्वीचेच, कायद्याच्या दृष्टीने निराळे. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दलित साहित्याची जी थोर चळवळ उभी राहिली तिच्यात या समाजाचा आवाज क्वचितच ऐकू येतो. आणि मराठी कॅथोलिक लेखनाचा विषय निघाला की नजर वसईकडे जाते, जेथे 'सुवार्ता' आहे, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा साहित्यसंमेलनाचा अध्यक्ष झालेला लेखक होऊन गेला. नगर जिल्ह्यातील कॅथोलिक समाज दोन्ही दालनांच्या उंबऱ्यावर राहिला. त्याच्या भाषिक निर्मितीचा शोध ग्रंथांत घेतला तर हाती थोडे लागेल. तो यात्रेतील भजनांत, नवसाच्या बोलण्यात, गावोगावच्या 'मास्तरां'नी, म्हणजे मिशनच्या शिक्षक-धर्मशिक्षकांनी, पढविलेल्या प्रार्थनांच्या पाठभेदांत आणि 'निरोप्या'च्या जुन्या अंकांतील वाचकांच्या पत्रव्यवहारात घ्यावा लागेल. पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्यांना श्रीरामपूर, राहुरी, राहाता, संगमनेर हे चार तालुके पुष्कळ पुरतील. ही सामग्री म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहे, आणि ध्वनिमुद्रणाला घाई केली पाहिजे.

अशा संकलनात एक प्रश्न प्रथम विचारण्यासारखा आहे. हरेगावच्या चर्चची आश्रयदाती तेरेजा हीही स्त्री, तीही संत. परंतु तिला 'माउली' हे पद मिळालेले नाही. ती 'संत तेरेजा'च राहिली. तिचा सण धर्मग्रामाचा, मतमाउलीची यात्रा मुलखाची. वारकऱ्यांनीही सर्व संतांना 'संत' म्हटले आणि 'माउली' हे नाव प्रामुख्याने एकाच संतासाठी राखून ठेवले. हरेगावच्या भाविकांनी हा नियम कोणाकडून शिकून घेतला, की मराठीत वाढलेल्या माणसाला तो आपोआपच ठाऊक असतो, याचा उलगडा त्या तोंडी सामग्रीतूनच व्हावयाचा आहे.